स्पेक्ट्रमवर कॅसेट लोड होत नाही? कॉम्प्युटर उघडायच्या आधी हे बघा

स्पेक्ट्रम म्हणजे ऐंशीच्या दशकातला सिंक्लेअरचा घरगुती कॉम्प्युटर. त्याचे प्रोग्राम साध्या कॅसेटवर आवाजाच्या रूपात साठवलेले असतात आणि टेपरेकॉर्डरवरून लोड करावे लागतात. स्पेक्ट्रम सुरू होतो, बेसिक ही त्याची प्रोग्रामिंगची भाषा चालते, बीप वाजतो. फक्त कॅसेट लोड होत नाही. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचा खोका खाली आला की सांगली-मिरजेतून माझ्याकडे हीच तक्रार येते, आणि सोबत ठरलेलं वाक्य असतं: "चिप गेली वाटतं." चिप क्वचितच गेलेली असते. दोष बहुतेक वेळा टेपरेकॉर्डरमध्ये असतो आणि तोही केसभर. घाईघाईने उघडून निकामी झालेली चांगली मशिनं पाहिली की जीव तुटतो, म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवतोय.

हे ४८के (म्हणजे ४८ किलोबाइट मेमरीच्या) स्पेक्ट्रमला आणि स्पेक्ट्रम प्लसला लागू आहे. आपल्याकडे डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन काढलेला डीबी स्पेक्ट्रम प्लस असेल तरी कॅसेटचं गणित तेच.

लक्षणं

जे चं बटण दाबून लोड, मग दोन अवतरणचिन्हं, एंटर, आणि टेपरेकॉर्डरवर प्ले. आता घाई न करता स्क्रीनची कड बघा आणि काय दिसलं ते कागदावर लिहा.

काहींकडे कडेला पट्ट्याच उमटत नाहीत. टेप फिरतेय, स्पीकरमधून आवाजही येतोय, पण कॉम्प्युटरला काहीच ऐकू येत नाही. काहींकडे लाल-आकाशी जाड पट्ट्या छान येतात, सुमारे ५ सेकंद चालतात, पण त्यानंतर प्रोग्रामचं नाव उमटत नाही आणि टेप नुसतीच पुढे जात राहते. सगळ्यात जास्त आढळतं ते तिसरं: नाव येतं, निळ्या-पिवळ्या बारीक पट्ट्या सुरू होतात आणि मग खाली ओळ येते, "आर टेप लोडिंग एरर, ०:१". चौथं लक्षण वेगळ्या जातीचं आहे. लोड होता होता मशीन मध्येच कोरं होतं आणि १९८२ चा कॉपीराइटचा संदेश परत येतो. ते कॅसेटचं दुखणं सहसा नसतं, वीजपुरवठ्याचं असतं. त्याबद्दल शेवटी लिहिलंय.

दुसऱ्या लक्षणात एरर का येत नाही, असं बरेच जण विचारतात. प्रोग्रामच्या आधी टेपवर १७ बाइट्सचा छोटा हेडर असतो, त्यात नाव आणि लांबी. हेडर नीट वाचता आला नाही तर स्पेक्ट्रम तक्रार न करता पुढचा हेडर शोधत बसतो. मुख्य भागात मात्र एरर कधी आला यालाही अर्थ आहे. मध्येच आला तर सिग्नल तिथे क्षणभर तुटला: फितीवर चुणी आहे, बुरशीचा ठिपका आहे किंवा फीत हेडपासून, म्हणजे ती वाचणाऱ्या रेकॉर्डरमधल्या भागापासून, सुटली. भाग पूर्ण वाचून झाल्यावर आला तर सिग्नल अखंड होता, पण एखादा बिट चुकीचा वाचला गेला आणि शेवटची बेरीज-तपासणी जुळली नाही. पहिल्या प्रकारात कॅसेटवर संशय घ्या, दुसऱ्यात हेडवर आणि आवाजाच्या पातळीवर. इतकं कळलं तरी निम्मं काम झालं.

पिना, वायर, आवाज

आधी फुकटातलं. स्पेक्ट्रमच्या मागे इअर आणि माइक अशी दोन भोकं शेजारी शेजारी असतात आणि सोबतच्या वायरीला दोन्ही टोकांना दोन-दोन पिना असतात. त्या उलटसुलट होतातच. लोड करताना फक्त इअरची पिन लावा: रेकॉर्डरच्या इअरफोनच्या भोकातून स्पेक्ट्रमच्या इअरमध्ये. सेव्ह करताना फक्त माइकची. दोन्ही एकदम लावल्या तर सेव्हच्या वेळी आवाज घुमून परत आत शिरतो आणि रेकॉर्डिंग खराब होतं.

पिन भोकात घालून जागेवरच चार-पाच वेळा गोल फिरवा. महापुरात नसलं तरी आपल्याकडचं घर पावसाळाभर ओल धरून असतं आणि पितळेवर हिरवट थर चढतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर थोडा मारला तर आणखी चांगलं.

आवाज पाऊण ठेवा, ट्रेबल पूर्ण, बास कमी, डॉल्बी (खरखर कमी करणारी सोय) असेल तर बंद. कॉम्प्युटर सूर ऐकत नाही. सिग्नल ठरावीक पातळीच्या वर गेला की खाली आला, एवढंच तो बघतो आणि दोन बदलांमधला वेळ मोजतो. आवाज कमी असेल तर बदल त्याला दिसतच नाहीत. अति मोठा असेल तर खरखरही बदल म्हणून मोजली जाते. पाऊणावर जमलं नाही तर थोडं वर, थोडं खाली करून बघा.

विजेवर चालणारा जुना रेकॉर्डर असेल तर एकदा सेल घालून चालवून बघा. जुन्या पॉवर सप्लायमधले कपॅसिटर वाळले की सिग्नलखाली एक गुणगुण मिसळते. माणसाच्या कानाला ती गाण्याखाली कळत नाही, पण कॉम्प्युटरची वेळ-मोजणी तिने हलते. सेलवर लोड झालं आणि विजेवर नाही, तर दोष सापडला.

आणि स्टीरिओ डेक वापरत असाल तर दोन्ही चॅनल एकत्र करू नका, एकच घ्या. का, ते हेडच्या भागात येईल.

दोष कॉम्प्युटरचा की टेपचा?

इथे मोबाइल कामाला येतो. स्पेक्ट्रमच्या प्रोग्रामची फाइल आवाजात वाजवणारी ॲप्स मिळतात. फोन विमान मोडवर टाका, नाहीतर मध्येच मेसेजची टिंग लोडिंगचा घात करते. फोनचा आवाज पूर्ण ठेवून इअरमध्ये वाजवा. लोड झालं तर तुमचा स्पेक्ट्रम ठणठणीत आहे आणि त्याला हात लावायचं काही कारण उरलं नाही. नाही झालं तरी लगेच घाबरू नका. काही फोनचा आवाज स्पेक्ट्रमला पुरत नाही. मध्ये छोटा ॲम्प्लिफायर किंवा जुना डेस्क स्पीकर घालून त्याच्या हेडफोनच्या भोकातून सिग्नल द्या.

यापेक्षाही निर्णायक परीक्षा अशी: बेसिकमध्ये चार ओळींचा कुठलाही प्रोग्राम टाइप करा, तुमच्याच रेकॉर्डरवर कोऱ्या कॅसेटवर सेव्ह करा, रिवाइंड करून व्हेरिफाय करा, म्हणजे टेपवरचं मेमरीतल्याशी जुळतंय का ते कॉम्प्युटरकडूनच तपासून घ्या. स्वतःचं रेकॉर्डिंग नीट वाचलं जातंय आणि फक्त जुन्या कॅसेटी वाचल्या जात नाहीत, तर कॉम्प्युटर, वायर, बेल्ट, आवाज सगळं निर्दोष आहे. उरतं ते बहुतेक हेडचं तिरकेपण. स्वतःचंही वाचत नसेल तर बेल्ट, रोलर किंवा घाण. ही एक परीक्षा न करता लोक महिनोन्महिने अंधारात चाचपडतात.

साफसफाई

हेड, कॅप्स्टन म्हणजे ती बारीक फिरणारी स्टीलची काडी, आणि फीत दाबणारा रबरी रोलर. हेडला आणि काडीला इअरबडवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा, बड स्वच्छ निघेपर्यंत. अत्तर, स्पिरिट, डेटॉल काही नको. रोलरला अल्कोहोल वारंवार लावलं तर रबर कडक होतं. ओल्या फडक्याने पुसून कोरडं करा. हेडवर तपकिरी थर साचला की फीत हेडपासून सूतभर दूर राहते आणि बारीक आवाज सगळ्यात आधी जातात. डेटा बारीक आवाजातच असतो.

कॅसेट हातात घ्या आणि मधली छोटी फेल्टची गादी बघा. पत्र्याच्या पट्टीवर चिकटवलेली ती गादी तीस-चाळीस वर्षांत निखळते आणि केसमध्ये खुळखुळते. गादीशिवाय फीत हेडवर दाबली जात नाही. स्क्रूचं केस असलेल्या निरुपयोगी कॅसेटमधली गादी काढून लावता येते, किंवा दोन्ही रिळं उचलून त्या केसमध्ये बसवता येतात. टेबलावर पांढरा कागद अंथरा, पंखा बंद करा, सावकाश करा.

फितीवर पांढरट बुरशी दिसली तर ती कॅसेट रेकॉर्डरमध्ये घालूच नका. बुरशी हेडला लागते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला जाते. पुराच्या पाण्यात गेलेल्या कॅसेटींचं तर वेगळंच. २०१९ च्या महापुरानंतर सांगलीच्या गावभागातल्या घरांतून आलेल्या काही मी पाहिल्या आहेत. कृष्णेचा गाळ रिळाच्या थरांत शिरून वाळलेला असतो. अशी फीत ओढली की तिच्यावरचा चुंबकीय लेप निघतो, आणि लेपाबरोबर प्रोग्राम. इथे थांबा. पेन्सिलनेसुद्धा फिरवू नका. जुन्या ध्वनिमुद्रणांची जपणूक करणारा जाणकार शोधा आणि कॅसेट आहे तशी त्याच्याकडे द्या.

बेल्ट आणि वेग

बेल्टचं रबर जुनं झालं की सैल पडतं, कधी वितळून पुलीला चिकटतं. गाण्यात ते लगेच कळतं, तानपुऱ्याचा सूर हलतो. मिरज तंतुवाद्यांचं गाव, तिथे घरोघरी ट्यूनर ॲप आहे, त्याचाच उपयोग करा. लाल-आकाशी पट्ट्या चालतात तेव्हाचा तो सलग सूर ८०७ हर्ट्झचा असतो. स्वतः नुकतंच सेव्ह केलेलं नाही, दुसऱ्या चांगल्या मशीनवरचं रेकॉर्डिंग घ्या, सूर वाजवा आणि आकडा बघा. ७९० किंवा ८२० दिसला तरी स्पेक्ट्रम सहसा सांभाळून घेतो. पण आकडा स्थिर नसून सारखा वर-खाली डुलत असेल तर बेल्ट किंवा रोलर बदलायचा. मोटारचा वेग जुळवणारा स्क्रू बेल्ट बदलल्यानंतरच हलवा, नाहीतर एका दोषावर दुसरा चढवाल.

बेल्ट बदलायला रेकॉर्डर उघडावा लागतो. सेलवरचा असेल तर सेल काढून निर्धास्त उघडा. आत २३० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर असेल आणि तुम्हाला या कामाची सवय नसेल, तर इथे थांबा आणि रेडिओ-टेप दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींकडे न्या. सांगलीत आणि मिरजेत असे जुने हात अजून आहेत. गाण्याच्या कॅसेटींमुळे त्यांचा धंदा इतर गावांपेक्षा जास्त टिकला.

हेडचा कोन, म्हणजे खरा गुन्हेगार

यावर जरा थांबतो, कारण नव्वद टक्के भांडण इथेच मिटतं असं माझं मत झालंय.

हेडमध्ये एक उभी सूक्ष्म फट असते आणि ती फितीच्या दिशेला काटकोनात हवी. फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर पळते. सुरुवातीच्या ८०७ हर्ट्झच्या सुराची एक लाट फितीवर सुमारे ०.०५९ मिलिमीटर लांब पडते. डेटातल्या शून्य बिटचा आवाज २,००० हर्ट्झच्या थोडा वर असतो, त्याची लाट जेमतेम ०.०२३ मिलिमीटर. आणि मोनो हेडचा पट्टा, म्हणजे फितीचा ते वाचतं तेवढा भाग, असतो दीड मिलिमीटर रुंद. फट थोडी कलली की तिचं वरचं टोक लाटेच्या एका भागावर आणि खालचं दुसऱ्या भागावर येतं. कल एका अंशाच्या जरा आतच असला तरी दोन टोकांत पूर्ण एका लाटेचा फरक पडतो आणि शून्य बिटचा आवाज जवळजवळ नाहीसा होतो. त्याच कोनात सुरुवातीचा सूर मात्र दिमाखात वाजत राहतो, कारण त्याची लाट लांब आहे. म्हणूनच लाल-आकाशी पट्ट्या सुंदर येतात आणि डेटा सुरू झाला की घोळ होतो. स्टीरिओ हेडचा एक पट्टा याच्या निम्म्याहूनही अरुंद असतो, त्यामुळे कलाचा फटका त्याला कमी बसतो. एकच चॅनल घ्या म्हटलं ते यासाठी.

बिघाड दर वर्षी परत का येतो, तेही यातच आहे. हेड एका बाजूला पक्क्या स्क्रूवर आणि दुसऱ्या बाजूला स्प्रिंग घातलेल्या स्क्रूवर बसलेलं असतं. कारखान्यात त्यावर लाखेचा थेंब टाकलेला असतो, तो सुकून सुटतो. रेकॉर्डर उचल-ठेव केला की स्क्रू सरकतो.

कृती अशी. जुनी, लोड न होणारी कॅसेट लावा आणि डेटाचा कर्कश भाग वाजवा, पिन काढून, स्पीकरवर. प्ले दाबलेलं असताना हेडच्या एका बाजूला झाकणातल्या भोकातून तो स्प्रिंगचा स्क्रू दिसतो. तो आता कुठल्या दिशेला आहे याची नेलपॉलिशने खूण करा. बारीक स्क्रूड्रायव्हर घ्या, पण चुंबकीय टोकाचा नको, नाहीतर हेडच चुंबकित होईल. अगदी थोडं फिरवा, आधी एका बाजूला, मग दुसऱ्या. पाव फेऱ्याच्या पलीकडे जाऊ नका. मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावणारा तारेखालचा दोरा केसभर सरकवतो आणि एका जागी तार एकदम बोलायला लागते. इथेही कान तसाच लावायचा. आवाज दबका असतो, मग एका जागी अचानक उघडतो, धारदार होतो, आणि पुढे गेलं की पुन्हा दबतो. ती धारदार जागा पकडा. मग पिन लावून लोड द्या. पट्ट्या सारख्या जाडीच्या आणि काठ रेखीव दिसले की समजा जमलं.

एक गोष्ट मनात पक्की ठेवा: कोन रेकॉर्डरसाठी नाही, त्या कॅसेटसाठी जुळवायचा. विकत मिळालेल्या कॅसेटी बऱ्यापैकी प्रमाण कोनात असतात, पण घरी सेव्ह केलेली कॅसेट ज्या रेकॉर्डरवर भरली त्याच्या कलाने भरलेली असते. तो रेकॉर्डर कधीच भंगारात गेला. तुम्ही स्क्रू फिरवून त्याचाच कल परत शोधत असता. सांगलीतल्या विश्रामबागच्या एका निवृत्त शिक्षकांची कॅसेट अशीच होती. कव्हरच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने काउंटरचे आकडे, ०४३ पाढे, ०८८ जिल्हे, १२० चांद्रमास, आणि दोन प्रोग्रामच्या मध्ये त्यांचाच तरुणपणचा आवाज: "आता जिल्हे." तो आवाज सगळ्यांना ऐकू येत होता, कारण माणसाचं बोलणं कललेल्या हेडनेही कळतं. जिल्हे मात्र लोड होत नव्हते. स्क्रू जेमतेम हलला आणि झाले. असे प्रोग्राम जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. खेळ हजार ठिकाणी मिळतील.

त्यामुळे कामाचे रेकॉर्डर दोन ठेवा. एकाचा कोन कधी हलवायचा नाही, दुसरा जुन्या कॅसेटींसाठी.

मशीन मध्येच रिसेट होत असेल तर

आधी अडॅप्टरची पिन. स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट डीसी लागतं आणि पिनचं मधलं टोक ऋण असतं. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक अडॅप्टरांचं मधलं टोक धन असतं; तसा लावला तर मशीन जाऊ शकतं. मूळ अडॅप्टर हरवला असेल तर मल्टिमीटरने टोकं तपासल्याशिवाय दुसरा जोडू नका. पिन हलवली की रिसेट होत असेल तर भोकाची सोल्डरिंग तडकली आहे. मूळ अडॅप्टर उघडायचा नाही, त्यात विजेची थेट वायर आहे. ते काम मिस्त्रींचं.

कधी थांबायचं

फोनवरून, पुरेशा आवाजात, चांगल्या वायरीने, माहीत असलेला प्रोग्रामही लोड होत नसेल तरच दोष कॉम्प्युटरमध्ये आहे. यातलं सोपं दुखणं म्हणजे इअरच्या भोकाचा तडकलेला सांधा. पण तिथे पोचायला वरचं झाकण उचलावं लागतं, आणि झाकणाला कीबोर्डच्या दोन पातळ पट्ट्या जोडलेल्या असतात. चाळीस वर्षांत त्यांचं प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं. झाकण जरा जोरात उचललं की पट्टी तुटते आणि चांगला कीबोर्ड जातो. सोल्डरिंगचा हात नसेल तर स्क्रूला हातच लावू नका. सांधा ठीक असूनही सिग्नल आत जात नसेल तर संशय यूएलए चिपवर येतो. ती फेरँटीने स्पेक्ट्रमसाठी बनवलेली खास चिप, आता तयार होत नाही. हे काम जुने कॉम्प्युटर नेहमी दुरुस्त करणाऱ्याचंच. ऑसिलोस्कोप (सिग्नलचा आलेख दाखवणारं यंत्र) नसलेल्या कुणी "चिप बदलून बघू" म्हटलं तर मशीन परत घेऊन या.

लोड झाल्यावर लगेच

एकदा लोड झालं की पहिलं काम खेळायचं नाही. हेडचा कोन जुळलेला आहे तोवर कॅसेटची पूर्ण बाजू लॅपटॉपवर रेकॉर्ड करा: मोनो, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, वेव्ह फाइल. एमपी३ नको, ती माणसाच्या कानासाठी आवाज कातरते. फोनचा व्हॉइस रेकॉर्डरही नको, तो खरखर काढायच्या नादात डेटा पुसतो. बोलण्याचे तुकडे कापू नका. कव्हरच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढून फाइलसोबत ठेवा, आणि कॅसेट कोणाची, कुठल्या रेकॉर्डरवर वाजवली, सुराचा आकडा किती आला हे नावातच लिहा. मग कॅसेट पूर्ण रिवाइंड करून, डबीत उभी, सिलिका जेलच्या पुडीसह खालच्या कपाटात. माळ्यावर परत नको.